कुत्र्याच्या पिसवा, गोचिडी आणि खाज: किनाऱ्यावरच्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे मांगर (गुरं-पेंढा ठेवायची खोप) आणि घरात कायम दोन-तीन कुत्री. मी डॉक्टर नाही. पण वीस-बावीस वर्षं कुत्र्यांच्या अंगात फणी घालून बसल्यामुळे वाडीतली माणसं गुरांच्या डॉक्टरकडे जायच्या आधी आमच्या खळ्यात (अंगणात) येऊन उभी राहतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. औषधाचं प्रमाण मात्र कुठेही दिलेलं नाही. ते कुत्र्याच्या वजनावर ठरतं आणि डॉक्टरनेच सांगायचं असतं.

"ह्यो रात्रभर निजाक देना नाय, सारखो खाजयता." पिसवाच आहेत हे कसं ओळखायचं?

पिसू डोळ्यांना दिसेलच असं नाही. केस बाजूला करेपर्यंत ती दुसरीकडे पळालेली असते. म्हणून तिची विष्ठा शोधायची. कुत्र्याला पांढऱ्या अभ्र्यावर उभं करा आणि उवांच्या बारीक फणीने कमरेवरून शेपटीच्या मुळापर्यंत विंचरा. मिरपूड सांडावी तसे काळे कण पडतील. त्यांवर बोटाने पाण्याचे चार थेंब सोडा आणि मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस-तपकिरी वलय पसरलं, तर ते पिसूने पिऊन टाकलेलं रक्त आहे.

यात आपल्याकडे एक घोळ होतो. आपली मातीच लाल, आणि खळ्यात लोळलेल्या कुत्र्याच्या अंगातून ती पडणारच. म्हणून पाणी टाकायच्या आधी कण नीट बघून घ्या. विष्ठा कोरडी असताना काळी कुळकुळीत आणि स्वल्पविरामासारखी वाकडी असते, पाणी लागलं की मग ती लाल होते. मातीचा कण आधीपासूनच तांबडा असतो आणि भिजला तरी त्याचं वलय असं पसरत नाही.

फणीत जिवंत पिसू आलीच, तर चिमटीत चिरडायला जाऊ नका. ती चपटी आणि टणक असते, निसटते. साबणाच्या पाण्याची वाटी शेजारी ठेवा आणि फणी त्यात बुडवा.

औषध लावलं, चार दिवस बरं होतं, आठव्या दिवशी पुन्हा पिसवा. दुकानदाराने खोटं औषध दिलं का?

बहुतेक वेळा औषध खरंच असतं. चूक हिशेबाची होते. आपण कुत्र्यावरच्या पिसवा मोजतो, पण तिथे फक्त मोठ्या झालेल्या असतात आणि त्या एकूण पिसवांतल्या शंभरातल्या पाचेक. बाकीच्या अंडी, अळी आणि कोष होऊन तुमच्या पडवीत पडलेल्या असतात.

मादी पहिल्यांदा रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि जोर आला की दिवसाला चाळीस-पन्नास घालते. ही अंडी चिकट नसतात. कुत्रा उठला, अंग झाडलं, की मोहरीहून बारीक पांढरे दाणे गोणपाटावर, भेगांत, चौकटीच्या कोपऱ्यात पडतात. त्यांतून अळ्या निघतात. त्या उजेड टाळतात, अंधाऱ्या फटीत शिरतात आणि वरून पडणाऱ्या त्याच काळ्या विष्ठेवर जगतात. म्हणजे कुत्रा वरून अंडीही सांडतो आणि अळ्यांचं जेवणही. पुढे अळी कोष करते. कोष चिकट असतो, त्याला धूळ-वाळू लागून तो जमिनीसारखाच दिसतो आणि फवारणीचं औषध आत सहसा पोचत नाही.

हवा चांगली मिळाली, तर अंड्यापासून पिसूपर्यंत तीन-चार आठवडे पुरतात. चांगली हवा म्हणजे 20 ते 30 अंश तापमान आणि भरपूर दमटपणा. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली उतरली, तर अळ्या वाळून मरतात. घाटावर मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत हे काम फुकटात होतं. आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतात, त्यामुळे पिसवांना सुट्टी अशी नाहीच.

म्हणून एकदा औषध लावून थांबायचं नाही. कुत्र्याला सलग तीन महिने संरक्षण ठेवायचं, म्हणजे कोषातून निघणारी प्रत्येक नवी पिसू त्याच्यावर चढून अंडी घालायच्या आधी मरते. तिसऱ्या आठवड्यात पिसवा अचानक वाढल्यासारख्या वाटतात आणि नेमक्या तेव्हाच लोक कंटाळून सोडून देतात. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात.

गणपतीला गावचं घर उघडलं आणि पाच मिनिटांत पायांना पिसवा चिकटल्या. घर तर मेपासून बंद होतं. कुत्राही नाही. कुठून आल्या?

दरवर्षी श्रावण संपत आला की मुंबईहून हा फोन येतोच. मागे शेजारच्या बंद घरात झाडलोट करायला पोरं पाठवली होती. कुलूप काढून आत गेली आणि पोटऱ्या खाजवत खळ्यात पळत आली. पांढरे मोजे घातलेल्या एकाच्या घोट्याजवळ मी अकरा पिसवा मोजल्या. मे महिन्यात त्या घराच्या ओटीवर मांजर व्यायली होती, ती पिल्लं घेऊन कधीच निघून गेली होती.

कोषातली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. बाहेर रक्त आहे याची चाहूल लागेपर्यंत ती काही महिनेही आत थांबू शकते. ही चाहूल म्हणजे पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड. बंद घरात यातलं काहीच नसतं. चाकरमानी दार ढकलून आत पाऊल टाकतात, आणि तीन महिन्यांची थांबलेली सगळी फौज एकाच सकाळी उठते.

उपाय हाच की माणसं यायच्या चार-पाच दिवस आधी त्यांना उठवायचं. कोणीतरी पायांत गमबूट घालून सगळ्या खोल्यांत दणदण चालावं, खराटा आपटून केर काढावा, सामान हलवावं. दुसऱ्या दिवशी फवारणी करून दारं लावून घ्यावीत. दोन दिवसांनी पुन्हा केर. सोबत मुंबईचा लॅब्राडोर येणार असेल, तर त्याचं पिसवांचं औषध निघायच्या आधी देऊन आणा. गावात येऊन पिसवा चढल्यावर नको.

मग घराचं नेमकं काय करायचं?

कुत्रा जिथे झोपतो तिथून सुरुवात करा. आमच्याकडे बिबट्याच्या भीतीने कुत्री रात्री पडवीत आत घेतात, त्यामुळे पिसवांचं माहेर पडवीत असतं. ज्या गोणपाटावर कुत्रा झोपतो ते आठवड्यातून एकदा कढत पाण्यात उकळा. पावसात वाळत नसेल तर सरळ जाळून टाका आणि नवं घाला. जुन्या बारदानावर माया करू नका. उघडीप मिळेल तेव्हा कडक ऊन द्या, अळ्यांना ते सोसत नाही.

केर रोज काढा, फळ्यांच्या फटी आणि भिंतीचा तळ ब्रशने खरवडा, आणि केर परसात न टाकता चुलीत घाला. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. त्याच्या हादऱ्याने कोष फुटतात, मात्र पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. शेणाने सारवलेली जमीन असेल तर ताजं सारवण भेगा बुजवतं, तेवढा फायदा होतो. सारवण वाळून पुन्हा चिरा पडल्या की अळ्यांना परत जागा मिळते. लाकडांचा ढीग, पेंढ्याखालची सावलीतली ओली माती आणि मांगराचा कोपरा या जागा विसरल्या जातात. उन्हातल्या उघड्या खळ्यात औषध मारणं मात्र फुकट, तिथे अळ्या टिकत नाहीत.

फवारणीचं औषध घेताना त्यात मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधाबरोबर अळीची वाढ थांबवणारं औषधही आहे का, ते विचारा. पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन अशी त्यांची नावं. फवारल्यावर जमीन पूर्ण वाळेपर्यंत कुत्री, मांजरं आणि रांगती मुलं बाहेर ठेवायची.

घरात किती उरल्यात हे बघायची एक गंमत आहे. रात्री पडवीतले दिवे घालवा. पसरट ताटलीत पाणी घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि वर वीतभर अंतरावर छोटा बल्ब लावा. उबेच्या ओढीने पिसवा उड्या मारतात आणि साबणामुळे बुडतात. पहिल्या रात्री आमच्या ताटलीत सतरा होत्या, महिन्याने दोन. यातून पिसवा संपत नाहीत, पण आपण जिंकतोय की हरतोय ते कळतं.

गोळी, मानेवरचे थेंब, पट्टा, पावडर. काय घ्यावं?

कुत्रा समुद्रात किंवा व्हाळात (ओढ्यात) उतरत असेल तर गोळी. बाकी कुत्र्यांना थेंबही चालतात.

गोळ्यांमध्ये अफोक्सोलानर आणि सॅरोलानर महिनाभर पुरतात, फ्लुरालानर साधारण बारा आठवडे. औषध रक्तात असतं, पिसू किंवा गोचीड चावते आणि मरते. त्यामुळे गोळी देऊनही अंगावर एखादी दिसली तर घाबरू नका. या गोळ्या स्वस्त नाहीत, हे खरं. पण चार महिने शाम्पू-पावडरीवर घातलेल्या पैशांची बेरीज करून बघा. एक सावधगिरी आहे: या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके किंवा कंप येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने 2018 साली दिला. तुमच्या कुत्र्याला आधी कधी फीट आली असेल, तर डॉक्टरला तसं सांगितल्याशिवाय गोळी घेऊ नका.

फिप्रोनिलचे थेंब केस दुभंगून मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, थेट कातडीवर सोडायचे. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. मी एकदा सकाळी थेंब घातले आणि संध्याकाळी आमचा कुत्रा खंड्या तांडेलाच्या पोरांबरोबर लाटांत. महिन्याभराचं औषध मासळीने नेलं.

पट्ट्यांत चांगले असतात, पण बाजारात बिनकंपनीचे फार येतात. मी आणलेल्या एकाने पिसवा राहिल्याच, वर मानेभोवतीचे केस गेले. पावडर चोवीस तासांत झडून जाते.

गाईसाठी आणलेलं गोचिडीचं औषध कुत्र्याला चालेल का? बाटली घरात आहेच.

वाडीत सगळ्यात जास्त घात होतात ते या बाटलीने. तिच्यातलं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ पाण्यात किती घालायचं याचं प्रमाण जनावरागणिक वेगळं असतं, आणि गाय स्वतःला चाटते त्याहून कुत्रा कितीतरी जास्त चाटतो. लोक झाकणाने मोजतात. झाकणं सगळी सारखी नसतात. अमिट्राझ जास्त झालं की कुत्रा गुंगतो, नाडी मंदावते, अंग गार पडतं. असं दिसलं तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे न्या, बाटली सोबत घ्या.

डॉक्टरने स्वतः प्रमाण लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. तेव्हाही हातमोजे घालायचे, वारा खेळेल अशा जागी लावायचं, कुत्रा वाळेपर्यंत त्याला चाटू द्यायचं नाही आणि उरलेलं पाणी व्हाळात ओतायचं नाही. डेल्टामेथ्रिनने मासे मरतात.

रॉकेल? जळकं ऑइल? तंबाखूचं पाणी? डांबरगोळ्या?

नाही, नाही, नाही आणि नाही.

रॉकेलने कातडी भाजते आणि वास फुप्फुसात जातो. तंबाखूतलं निकोटीन कातडीतून आणि चाटण्यातून अंगात भिनतं. डांबरगोळीची पूड कुत्र्याला विषच. फिनेलचंही तेच.

जळक्या ऑइलबद्दल जास्त लिहितो, कारण बंदरावर ते फुकट मिळतं. माझ्या लहानपणी आमच्याच घरात लूत लागलेल्या कुत्र्याला होडीच्या इंजिनाचं ऑइल चोपडलं होतं. दोन दिवस तो पाणंदीत बसून अंग चाटत राहिला. तिसऱ्या दिवशी खाणं सोडलं, पाचव्या दिवशी गेला. आजोबा म्हणाले, लूत पोटात उतरली. पोटात ऑइल उतरलं होतं. कोणी लावलेलंच असेल तर भांड्याच्या साबणाने दोन-तीनदा धुवा आणि कुत्र्याला डॉक्टरकडे दाखवा.

कडुनिंब, करंजेल, खोबरेल, आगळ?

कडुनिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी आंघोळीला वापरलं तर बिघडत काही नाही, पिसवा मात्र त्याने संपत नाहीत. करंजेल आपल्याकडे घरचं असतं. वासाने थोड्या पिसवा दूर राहतात, पण कुत्रा ते चाटतो आणि ओकतो. खोबरेल कोरड्या पंजांना ठीक, पण पावसाळ्यात अंगभर चोपडलं तर केसांखाली ओल कोंडते आणि बुरशीला आयतं फावतं. आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, माणसाच्या पित्ताला लावतात म्हणून एका काकींनी कुत्र्याच्या ओरखड्यांवर लावलं होतं. आंबट पाणी उघड्या जखमेवर लागल्यावर कुत्र्याने काय केलं असेल ते सांगायला नको.

पिल्लू महिन्याचं आहे. त्याला काय लावू?

बहुतेक गोळ्या आठ आठवड्यांच्या आणि दोन किलोच्या आत देत नाहीत. फणी, कोमट पाणी, पिल्लांचा सौम्य शाम्पू, लगेच पुसून ऊब. आईला औषध द्या, तिच्यावरूनच पिसवा येत असतात, फक्त ती अंगावर पाजते आहे हे डॉक्टरला सांगून. पिल्लाच्या हिरड्या बघत राहा. गुलाबीच्या पांढरट झाल्या तर पिसवांनी रक्त संपवत आणलंय. त्या दिवशी वाट बघू नका, गाडी काढा.

गोचीड कशी काढायची?

आधी कुठे बघायचं ते: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, पट्ट्याखाली, शेपटीखाली. पातळ टोकाचा चिमटा कातडीला अगदी लागून धरा, गोचिडीचं तोंड पकडा, पोट नाही, आणि न पिळता सरळ ओढा. तिच्यावर रॉकेल, चुना किंवा पेटती काडी लावू नका. त्याने ती पोटातलं उलट कातडीत सोडू शकते. काढलेली गोचीड खळ्यात दगडाने ठेचायची आपली सवय वाईट. झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाका.

कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातच संसार करते, आणि तिला वर चढायची खोड आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते आणि चिऱ्यांच्या सांध्यात किंवा वाशाच्या खाचेत एका वेळी हजारो अंडी घालते. बिनगिलाव्याची चिऱ्याची भिंत तिला याहून काय हवी! आम्ही पडवीचे सांधे सिमेंटने भरून घेतले, तेव्हा कुठे फरक पडला. उपाशीपोटीही ती महिनोन् महिने राहते, म्हणून इथेही एका महिन्याने भागत नाही.

कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं. उष्णता झाली म्हणतात.

उष्णता म्हणून कोकम सरबत पाजत बसू नका. गोचिडीच्या एर्लिकिया जंतूने होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट उतरतात आणि नाकातून रक्त येतं, पोटावर लाल ठिपके उमटतात. आधीचे काही दिवस कुत्रा सुस्त असतो, ताप असतो, जेवण अर्धं राहतं. रक्त तपासून निदान होतं. उपचार वेळेत सुरू झाले तर डॉक्सिसायक्लिनने गुण येतो, पण औषध साधारण चार आठवडे घ्यावं लागतं. आठव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागला की लोक गोळ्या बंद करतात, आणि पुढच्या पावसात तो पुन्हा पडतो.

कुत्र्याच्या गोचिडीने माकडताप होतो का?

गोचिडीतून माणसाला होणारा माकडताप 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि आपल्या सिंधुदुर्गात 2016 साली दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण सापडले. तो पसरवणारी मुख्य गोचीड जंगलातली, कुत्र्याच्या घरगुती तपकिरी गोचिडीपेक्षा वेगळी. पण काजूच्या बागेतून किंवा रानातून फिरून आलेला कुत्रा अंगावर कुठली गोचीड घेऊन येईल ते तुम्हाला ओळखता येणार नाही. डिसेंबर ते मे या दिवसांत रानातून आलेल्या कुत्र्याला घरात घ्यायच्या आधी खळ्यात तपासा, आणि उघड्या हातांनी गोचिडी काढू नका.

दोनच पिसवा सापडल्या, पण शेपटीच्या मुळाचे सगळे केस गेलेत. असं कसं?

पिसूच्या लाळेची ॲलर्जी. अशा कुत्र्याला एक-दोन चावेही आठवडाभर खाजवायला पुरतात. कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू तो दातांनी कुरतडतो, केस तुटतात, कातडी लाल होऊन मग जाड, काळी पडते. "पिसवा तर नाहीतच" असं सांगणारे बरेच जण याच कुत्र्याचे मालक असतात. तो चाटून-चावून पिसवा गिळून टाकतो, मग आपल्याला दिसणार कुठून? खाज थांबायला डॉक्टर काही दिवस वेगळं औषध देतील, पण पिसवांचं औषध एक महिनाही चुकवून चालत नाही.

लूत लागली आहे. माणसाला लागेल का?

लूत म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो.

एक सारकोप्टिक. कानांच्या कडा, कोपरं, पोट इथे खपल्या, आणि खाज अशी की कुत्रा जेवता जेवता थांबून खाजवतो. कानाची कड दोन बोटांत चोळली की मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो. डॉक्टरही ही खूण बघतात. ही इतर कुत्र्यांना झपाट्याने लागते आणि माणसाच्या हाता-पोटावर लाल पुरळ उठवते. कुत्रा बरा झाला की माणसाची खाज सहसा आपोआप जाते.

दुसरी डेमोडेक्टिक. बहुधा वर्षाच्या आतलं पिल्लू, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे केस गेलेले, तोंडावर आणि पुढच्या पायांवर चट्टे, खाज फारशी नाही. लुतीचे हे सूक्ष्म किडे जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून येतात, आणि प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतात. माणसाला किंवा शेजारच्या कुत्र्याला ही लागत नाही, त्यामुळे पिल्लाला मांगरात एकटं बांधून ठेवायचं कारण नाही.

कुठली आहे ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन गावात सर्रास टोचतात. कोली (collie) या विलायती जातीच्या आणि तिच्या रक्ताच्या कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकतं.

गोल चट्टा, कडेला कोंडा, मधे केस तुटलेले, असं असेल तर तो गजकर्ण. तो मात्र माणसाला, विशेषतः मुलांना, सहज लागू शकतो.

जुलै आला की कुत्र्याला आंबूस वास येतो, अंग तेलकट लागतं. रोज आंघोळ घालू का?

उलट होईल. रोज भिजला आणि रोज अर्धवट वाळला तर मॅलॅसेझिया नावाची बुरशी वाढते. तोच तो ओल्या पायपुसण्यासारखा वास. पंधरा दिवसांतून एकदा, डॉक्टरने सांगितलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून. मग टॉवेलने कोरडं करा, पंख्याखाली बसवा. काखा, जांघा आणि बोटांची बेचकी विसरू नका. आपला साबण नको: माणसाच्या कातडीचा पीएच साधारण 5.5, कुत्र्याचा त्याहून वर, सातच्या आसपास.

दाट केसांच्या लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डला पावसात एका रात्रीत तळहाताएवढा ओला, लाल, चिकट डाग पडतो. कडेचे केस कापून जागा हवेशीर ठेवायची, पट्टी बांधायची नाही. लोंबत्या कानांचा कुत्रा डोकं झटकत असेल तर कानात तेल ओतू नका, आतला पडदा शाबूत आहे की नाही ते आधी डॉक्टरला बघू द्या.

जखमेत किडे पडलेत. फिनेल ओतू?

फिनेल नको. पावसात कानामागे किंवा शेपटीखाली छोटी जखम असते, माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या निघतात. बाहेरून भोक करंगळीएवढं, आत पोकळी मुठीएवढी. वास आला आणि कुत्रा एकच जागा चाटत असला की केस बाजूला करून बघा.

अळ्या एकेक करून चिमट्याने काढाव्या लागतात, आणि सगळ्या निघाल्या की नाही ते डॉक्टरलाच कळतं. रात्र असेल आणि डॉक्टर सकाळी भेटणार असतील, तर केस कापा, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा, दिसतील तेवढ्या काढा आणि माशी बसू नये म्हणून स्वच्छ पातळ कापड गुंडाळा. बाहेरच्या कुत्र्यांच्या कानांची टोकं माश्या चावून रक्ताळतात, तिथूनही हे सुरू होतं.

समुद्राच्या पाण्याने खरूज बरी होते ना?

होत नाही. मीठ वाळून राहिलं की खाज वाढते, ओरखडे झोंबतात. खेळून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. वाळूतून हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्याही पंजांच्या कातडीत शिरतात, माणसाच्या तळपायातही. जंताचं औषध वेळच्या वेळी द्या.

मासे खाल्ल्याने खाज सुटते का?

क्वचित. कुत्र्यांत खाण्याच्या ॲलर्जीला कारण म्हणून जास्त करून गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू सापडतात. खात्री करायची तर आठ आठवडे कुत्र्याने आधी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि भात, दुसरं काही नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमाने टाकलेली अर्धी भाकरीसुद्धा सगळा प्रयोग मोडते. वाडीत हे जमवणं औषधापेक्षा अवघड. बाकी उकडलेली, काटे काढलेली तारली कातडीला चांगलीच. सुकी मासळी नको, त्यात मीठ फार.

रानातून आला आणि एकाएकी तोंड जमिनीवर घासायला लागला.

डिसेंबरनंतर असेल तर खाजकुइली. वाळक्या शेंगांची सोनेरी लव नाकाडावर चिकटते. चोळू नका. हातमोजे घालून चिकटपट्टीने लव उचला, मग वाहत्या पाण्याने धुवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सड्यावरून (कातळाच्या माळावरून) आलेला कुत्रा एकाच पंजाला चाटत असेल तर बोटांत कुसळ बघा. ते आत आत सरकत जातं.

शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी चिकटलेलं असतं.

चपट्या जंताचे तुकडे. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो, जंत तिच्यातूनच येतो. जंताची गोळी द्या, पण पिसवा राहिल्या तर दोन महिन्यांत पुन्हा तेच.

मेडिकलमधून आणलेलं खाजेचं मलम घरात आहे. लावू?

त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. तीन दिवस लाली जाते, नंतर बुरशी दुप्पट होते. आणि कुत्रा ते चाटतो.

घरात मांजरही आहे.

मग पिसवा तिच्यावरही आहेत. कुत्र्यांवर सगळ्यात जास्त सापडणाऱ्या पिसूचं नावच मुळी मांजरपिसू. पण कुत्र्याचं औषध मांजराला कधीच लावू नका, त्यातल्या काहींत असणाऱ्या परमेथ्रिनने मांजर कंप सुटून मरतं. कुत्र्याला परमेथ्रिन लावलं असेल तर दोन-तीन दिवस दोघांना एकत्र झोपूही देऊ नका.

बंदरावरच्या मोकळ्या कुत्र्यांना लूत आहे. पकडता येत नाहीत. काही करता येईल?

येतं. डॉक्टरला कुत्र्याचा अंदाजे आकार, वय आणि जमलं तर फोटो दाखवा. ज्या गोळ्या पिसवांवर चालतात, त्यांतल्या काही सारकोप्टिक लुतीवरही चालतात आणि त्या खाण्यातून देता येतात. गोळी नुसती टाकू नका, दुसराच कुत्रा खाऊन जातो. आम्ही तारली मधून चिरून त्यात गोळी दडवतो, आधी एक रिकामी तारली टाकतो, मग गोळीची, आणि लगेच तिसरी दाखवतो. तिसरीच्या घाईत दुसरी न चावता गिळली जाते. महिन्याने पुन्हा त्याच जागी, मासळी उतरायच्या वेळेला.